बघणारे

ब्रॉनी टियर्नीने त्या राक्षसाला अखेर कोपऱ्यात गाठलं होतं. पडद्याच्या कडेला बघणाऱ्यांचे संदेश भराभर वर सरकत होते. 'आता सोडू नकोस.' 'अगं ढाल घे, ढाल.' त्यांतच एक ओळ आली. 'वॉटल स्ट्रीट, निळं फाटक. पोलीस आले की दार नीट उघड.'

तो तिच्याच घराचा पत्ता होता. तिचे अंगठे थांबले. राक्षसाने तिला एका फटक्यात लोळवलं. बघणारे हसले.

इंटरनेटवर व्हिडिओ गेम थेट खेळून दाखवणं हेच तिचं काम होतं, आणि त्या कामात असं होतं हे ती ऐकून होती. कुणीतरी माग काढतो, पोलिसांना खोटा फोन करतो आणि आपल्या घरी बसून मजा बघतो. म्हणून तिने पासवर्ड बदलले होते, घरची इंटरनेट जोडणी लपवली होती. खिडकीसुद्धा ती कॅमेऱ्यात येऊ देत नसे.

बाहेर गाड्यांची दारं आपटली. भोंग्यातून एका पुरुषाचा आवाज आला, "घरातल्या सगळ्यांनी बाहेर या. हात वर. हात रिकामे दिसले पाहिजेत."

पहिला विचार तिला स्वतःचा आलाच नाही. बाबा मागे शेडमध्ये होता. शेवंडं धरायचे पिंजरे दुरुस्त करत बसला होता, आणि कानातलं मशीन नेहमीसारखं स्वयंपाकघराच्या खिडकीत काढून ठेवलं होतं. त्याशिवाय त्याला शेजारचा कुत्राही ऐकू येत नसे.

ती हात वर करून दारात आली. फाटकापाशी, गाड्यांच्या आडून बंदुका तिच्यावर रोखलेल्या होत्या.

"पुढे या. सावकाश. आता गुडघे टेका."

ती टेकली. हेल्मेट घातलेल्या एका बाईने तिचा दंड धरला.

"घरात आणखी कोण आहे?"

"कुणी नाही. माझे वडील मागे शेडमध्ये आहेत. त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्या हातात ड्रिल मशीन असेल, बंदूक नाही. फोन खोटा आहे."

"कुठला फोन?"

"तुम्हाला आलेला."

बाईने पकड सोडली नाही. "आम्हाला कळलंय की त्यांनी एकाला गोळी घातलीय आणि बंदूक घेऊन मागच्या शेडमध्ये बसलेत."

शेडमध्ये. माझा बाप शेडमध्येच राहतो, जेवायला तेवढा घरात येतो, हे खेळता खेळता हसत ब्रॉनीनेच बघणाऱ्यांना सांगितलं होतं. एकदा नव्हे, कितीदा तरी.

गाडीवाटेच्या टोकाला शेडचं दार सरकलं. क्लेम टियर्नी बाहेर आला. उन्हाने त्याचे डोळे दिपले. उजव्या हातात ड्रिल मशीन होतं, काळं, पिस्तुलासारख्या मुठीचं.

"हातातलं खाली टाका," भोंग्यातला आवाज म्हणाला.

क्लेमला कुणी काही बोललंय हेच कळलं नाही. गाड्या दिसल्या तसा तो दोन पावलं पुढे आला आणि नीट दिसावं म्हणून त्याने कपाळाशी हात धरला. उजवाच हात.

"टाका खाली. शेवटचं सांगतोय."

"त्यांना ऐकू येत नाही," ब्रॉनी किंचाळली, आणि किंचाळतानाच तिला कळलं की आपलंही त्याला ऐकू जाणार नाही. उठून धावलं तर ते गोळी घालतील. तिला की त्याला, एवढाच प्रश्न.

ती ओरडायची थांबली. तिने मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिली, त्याची नजर तिच्यावर येईपर्यंत. मग अगदी हळू, लहान मुलाला शिकवावं तशी, ती पुढे वाकली, तळवे काँक्रीटवर टेकवले आणि पालथी झोपली. गाल जमिनीला लावला. डोळे त्याच्यावरच.

क्लेमचा चेहरा कोरा पडला. मग त्याने ड्रिल मशीन खाली ठेवलं, झोपलेलं पोर ठेवावं तितक्या हळू. एक हात गुडघ्यावर दाबत तो वाकला आणि मुलीसारखाच पालथा पडला.

नंतर पोलिसांनी सगळं घर धुंडाळलं. काही सापडायचं नव्हतंच. त्यांच्या वरिष्ठाने क्लेमला स्वतः हात देऊन उठवलं, माफी मागितली आणि ब्रॉनीने कानातलं मशीन आणून दिल्यावर पुन्हा एकदा मागितली.

"कुणावर संशय?" त्याने ब्रॉनीला विचारलं.

"नाव नाही माहीत. बघणाऱ्यांपैकीच कुणीतरी."

क्लेम पायरीवर बसला होता. "किती जण असतात गं?"

"आज चारशेच्या वर होते."

"आणि त्यातल्या एकाचंही तोंड तुला ठाऊक नाही?"

"नाही."

"गावात चारशे माणसं आली तर मी दाराला कडी घालीन," तो म्हणाला. ती हसेल असं त्याला वाटलं असावं. ती हसली नाही.

पोलीस गेल्यावर ती खोलीत आली. पडदा चालूच होता. बाहेरचा भोंगा, तिची किंकाळी, सगळं माइकमधून गेलं होतं. बघणारे दुपटीने वाढले होते आणि संदेशांचा पाऊस पडत होता. 'बरी आहेस ना?' 'बाबांना लागलं नाही ना?' 'एवढं तरी कळव गं, जीव टांगणीला लागलाय.'

तिने कळफलक ओढून लिहिलं, 'आम्ही दोघंही बरे आहोत.' पाठवायच्या आधी तिने ते सगळे संदेश पुन्हा एकदा, एकेक करून वाचले. एकही वाकडा नव्हता, आणि तो फोन करणाराही यांतच कुठेतरी होता.

मग तिने लिहिलेलं एकेक अक्षर पुसून टाकलं.