तोंड नसलेला माणूस

पत्त्यांचा डाव मांडावा तशी मुलीने वडिलांच्या पांघरुणावर चित्रं मांडली. ग्लास, ताटली, पंखा, उशी, पोटावर नागमोडी रेघ असलेला माणूस. जाड कागद, काळी शाई, एकही रेघ वावगी नाही.

“बाबा, बोट ठेवा. काय होतंय तुम्हाला?”

“हो,” बाबा म्हणाले.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्याजवळ एवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवंय का म्हटलं तरी हो, नकोय का म्हटलं तरी हो. आत मात्र सगळं जागं होतं. डोळ्यांवरून कळत होतं.

“लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत आले,” उशाशी बसलेली आई म्हणाली. “आणि आता बघ.” ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

दुपारी डॉक्टर सांगून गेले होते. गिळता येतंय, तपासून पाहिलंय, पण हे तोंडच उघडत नाहीत. संध्याकाळच्या फेरीपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यांनी ती उपटून टाकू नये म्हणून हात बांधावा लागेल. हलणारा हात एकच होता, डावा. चमचा जवळ आला की बाबा ओठ घट्ट मिटत आणि मान भिंतीकडे वळवत.

मुलगी डिझायनर होती. स्टेशनं, दवाखाने, मोठाल्या इमारतींसाठी खुणेची चित्रं काढायची. जिना इकडे, पाणी तिकडे, आग लागली तर या दाराने बाहेर. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही धावता धावता कळावं असं चित्र. हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना ती एकच सांगे, “अजून काय पुसता येईल ते बघा.”

आज तिचं एकही चित्र लागू पडत नव्हतं.

“हा ग्लास होय?” आईने कागद डोळ्यांजवळ धरला. “मला कुंडी वाटली.”

“आई, थांब ना जरा.”

बाबांनी ग्लास ढकलून दिला. मग ताटली, मग पंखा. तिने चष्म्याचं चित्र काढलं, खिडकीचं काढलं, चादरीचं काढलं. प्रत्येकाला हो, आणि प्रत्येक कागद पलंगाखाली. तिचा आवाज नकळत चढला. “नीट बघा ना, बाबा. एकावर तरी बोट ठेवा.” लहान मुलावर खेकसावं तशी आपण खेकसलो, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

बाबांचं बोट सरकत सरकत त्या माणसावर आलं.

“पोटात दुखतंय?”

“हो.”

सिस्टरने पोट दाबून पाहिलं. कपाळावर आठीसुद्धा नाही. बोट वर चढलं, डोक्याच्या रिकाम्या गोलात आलं आणि नखाने कागद खरवडू लागलं.

“डोकं दुखतंय?”

“हो.”

“डोक्याचं नसावं,” सिस्टर म्हणाली. तिच्या ट्रेमध्ये नळी आणि हात बांधायची पट्टी तयार होती. “पण काय ते लवकर बघा. डॉक्टर खालच्या मजल्यावर आलेत.”

मुलीला पुढचं चित्र सुचेना. असं कधी झालं नव्हतं. तिने पेन बाबांच्या डाव्या हातात कोंबलं आणि कागदाखाली पुठ्ठा धरला.

“तुम्हीच काढा.”

पेन गळून पडलं. तिने पुन्हा दिलं. मग त्या रिकाम्या गोलात एक तिरकी, थरथरती रेघ उमटली. तिच्यावर एक उभी रेघ, शेजारी दुसरी, मग आणखी. आणि मग त्या सगळ्या उभ्या रेघा बाबांनी खसाखसा खोडल्या, इतक्या जोरात की कागद फाटला. पेन टाकून त्यांनी तळहात तोंडावर दाबून धरला.

“कंगवा?” आईने विचारलं.

मुलगी फाटलेल्या जागेकडे पाहत राहिली. तिच्या चित्रातल्या माणसाला तोंडच नव्हतं. आजवर काढलेल्या एकाही माणसाला नव्हतं. तोंडावाचून काही अडत नसे.

“आई, बाबांची कवळी कुठंय?”

“माझ्या पिशवीत, डबीत. इथे आणल्या आणल्या काढायला लावली ना.” आई बोलता बोलता थांबली. “अगं, मीसुद्धा त्यांना कवळीशिवाय कधी पाहिलं नाही. दार लावून घेतात, मगच काढतात.”

“आता बसवता यायची नाही,” सिस्टर हळू आवाजात म्हणाली. “तोंडाची एक बाजू सैल पडलीय. घशात जाईल.”

बाबा सगळं ऐकत होते. हात तोंडावरून हलला नाही.

बाहेर बुटांचा आवाज आला. “सिस्टर, पडदा ओढा,” मुलगी म्हणाली. “थोडा वेळ द्या मला.”

“थोडाच. मी पलीकडे आहे. ठसका लागला तर लगेच हाक मारा.”

आई उठली. “अहो, मी बाहेर आहे हं,” ती पांघरुणाकडे बघत म्हणाली आणि गेली.

मुलीने पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली. ठसका लागू नये म्हणून दाटसर केलेलं पाणी चमच्यात घेतलं. रेघ केसभर सरकली तरी तिला दिसायची. जन्मभर ती डोळ्यांवरच जगली होती.

“बाबा, मी बघत नाहीये,” ती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

पडद्यापलीकडे डॉक्टर काहीतरी विचारत होते, सिस्टर त्यांना थोपवत होती. चमचा अंधारात तसाच धरलेला. पुढे न्यायचा तिला धीर होईना, मागे घ्यायचाही. पाण्याचा एक थेंब तिच्या अंगठ्यावर ओघळला.

मग गार बोटांनी तिचं मनगट धरलं आणि हळूहळू वर ओढलं.

तिने डोळे आणखी घट्ट मिटले.