पुलापलीकडं टाकलेलं मढं

मढं आतापर्यंत तीनदा उचललं गेलं होतं, आणि उचलणारा एकही जण कबूल व्हायला तयार नव्हता.

वॉरिन पालथ्या घातलेल्या पिंपावर बसला होता. तो राजाचा तपासनीस. या भागात कुणाचा खून झाला की यायचं, गावं गोळा करायची, शपथा घ्यायच्या, हेच त्याचं काम. समोर दाराच्या फळीवर ओस्बर्ट पडला होता. राजाचा कारकून. राजा आणि मठाधिपती यांचं दोन वर्षं फाटलेलं, म्हणून मठाच्या जुन्या सनदा तपासायला त्याला पाठवलेलं. तिसऱ्या दिवशी तो स्टेनफ्लीट गावच्या चरात सापडला. डोकं फुटलेलं, खलित्यांची पिशवी रिकामी. चरात मात्र रक्ताचा थेंब नाही.

चर हॅमंडनं खणलेला. त्यानंच मढं पाहिलं, त्यानंच ओरडून गाव जमवलं, म्हणून त्यालाच दोरीनं बांधलं होतं. आज दुसरं कुणी सापडलं नाही तर पंच त्याच्याकडं बोट दाखवणार, आणि शुक्रवारी फास.

खुनी मिळाला नाही तर ज्या गावात मढं, त्या गावाला दंड. त्यामुळं मढं दिसलं की लोक पहिलं काय करतात, तर शेजारच्या गावात नेऊन टाकतात. वॉरिनला हे ठाऊक होतं. अख्ख्या मुलखाला ठाऊक होतं. शपथेवर मात्र सगळे आंधळे.

मठाचा कारभारी ब्रदर ओडो बाजूला उभा होता. शपथेचा ग्रंथ त्यानंच आणलेला. सकाळी वॉरिन मठाच्या दाराशी गेला तेव्हा याच माणसानं त्याच्या नाकासमोर सनद धरली होती. मठाला दंड माफ, चौकशी माफ, राजाच्या माणसानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. तिथपासून वॉरिनचं डोकं जे तापलं होतं ते उतरलंच नव्हतं.

"टोरॉल्ड," तो शेजारगावच्या पाणचक्कीवाल्याला म्हणाला, "याच्या केसांत पीठ आहे."

"वारा असतो, सरकार."

"टाळूपर्यंत?"

"आमच्याकडं जोराचा असतो."

पंचांतलं कुणीतरी फिसकन हसलं. वॉरिननं हातमोजे काढून चिखलात आपटले.

"ऐका रे. मढं हलवलं म्हणून कुणाला काही करणार नाही. माझा शब्द. फक्त कुठून उचललं ते सांगा. नाहीतर या हॅमंडला लटकवा आणि जा घरी जेवायला."

हॅमंडची बायको रडत नव्हती. एकेकाच्या तोंडाकडं नुसती बघत होती. टोरॉल्डपाशी तिची नजर आली तशी त्यानं मान खाली घातली.

"माझ्या चक्कीमागं होतं, पोत्यांच्या आड," तो पुटपुटला. "मी चरात टाकलं. पण माझ्याकडं या मॉल्डनं आणून टाकलं. गाढवावरून."

"गाढव माझं नव्हतंच," ऑल्डहर्स्टची बिअरवाली मॉल्ड म्हणाली. "आणि मेल्या, मला काय हौस होती? पुलाच्या आमच्या टोकाला पडला होता तो. मठातले दोघं टाकून गेले. या डोळ्यांनी पाहिलं. आता धरा मला."

सगळ्यांच्या माना ओडोकडं वळल्या. तो जराही बिचकला नाही. उलट हसला.

"खरं आहे बाई. आमच्या बागेत पडलेला दिसला. कुणी मारला, देव जाणे. आमची माणसं भ्यायली, नेऊन ठेवला पुलापलीकडं. सगळे करतात तेच केलं. सरकारांनी यांना माफ केलं, तसं आम्हालाही करावं."

लोक मोकळेपणानं हसले. मठवालेही आपल्यासारखेच निघाले याची त्यांना गंमत वाटली. पंच पाय झाडत उठायला लागले.

संपलं. माग मठाच्या भिंतीपर्यंत येऊन थांबला होता, आणि भिंतीच्या आत वॉरिनला जाता येत नव्हतं. ओस्बर्ट फळीवर, हॅमंड दोरीत, आणि आपण पिंपावर. वॉरिननं वाकून हातमोजे उचलले. चिखलानं लडबडलेले. ते कुणाच्या तरी थोबाडावर मारावेसे वाटत होते. मारणार कुणाला, तिथं सगळेच माफ झालेले.

तो तसाच वाकलेला थांबला.

"ब्रदर, सनद जवळ आहे?"

"नेहमी असते."

"वाचा. मोठ्यानं. या लोकांना कळेल अशा भाषेत."

ओडोनं घसा साफ केला. सनद वाचायला त्याला आवडायचं. "मठाच्या जमिनीवर कुणाचंही मढं सापडो, मठानं त्याचा दंड देऊ नये, आणि कुणी मागूही नये."

हसणं थांबलं. टोरॉल्डच्या ध्यानात सगळ्यांच्या आधी आलं. तो ओडोपासून दोन पावलं बाजूला सरकला.

"ही माणसं दंडाला भिऊन मढी ढकलतात," वॉरिन म्हणाला. "तुम्हाला तर दंडच नाही. मग तुमची माणसं कशाला भ्यायली?"