मोकळी मनगटं

दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत होतं. आई तापाने फणफणलेली. "कुणीतरी त्याला छातीशी धरा, ऊब हवीय," सिस्टर म्हणाल्या. "पण आधी बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवा. बांगड्यांखाली जंतू राहतात."

आत्या पुढे झाली नि थबकली. "भरल्या हातातला चुडा उतरवू? अहो, अभद्र काय बोलता!"

आजी मागे भिंतीशी उभी होती. नवरा गेल्यापासून तिची जागा मागेच. सुनेची ओटी भरायलाही ती पुढे झाली नव्हती.

सिस्टरना तिची मोकळी मनगटं दिसली. "आजी, तुम्ही या."

आजीने सवयीने हात पदराखाली घेतले. "पहिला मान माझा कसा, बाई?"

"चल आई, तो वाट बघतोय." आत्याचा चुडा किणकिणला. तिने आईसाठी नळ सोडला होता.