गाठोडं आधी

हॉल्ट जवळ आला तसा करुणाने मास्क हनुवटीखाली ओढला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर जुन्या सवयीने रुमाल टाकला. समोरच्या नांदेडच्या प्रवाशाने तो दोन बोटांनी उचलून तिच्या हातात दिला आणि तिथे आपली बॅग ठेवली.

"ताई, रिझर्व्हेशनच्या गाडीत रुमाल चालत नाही," एवढं बोलून त्याने डोळे मिटले.

खरंच होतं त्याचं. ही आता पॅसेंजर राहिलीच नव्हती. कोरोनात बंद पडली ती दीड वर्षाने दिवाळीच्या तोंडावर 'स्पेशल' होऊन परत आली. बोग्या त्याच, इंजिन तेच, भाडं तेवढं वाढलेलं. महिन्याचा पास चालेना, रोजच्या रोज आरक्षण काढा, आणि मधले बारके थांबे सगळे रद्द. आजार माणसांना झाला आणि पथ्य गाडीला लावलं, असं म्हणत लासूरच्या फलाटावर अप-डाऊनवाले रोज शिव्या घालायचे आणि गाडी आली की मुकाट्याने चढायचे. न चढून करणार काय? कारखान्याच्या गेटवर गाडीची कारणं कुणी ऐकून घेत नाही.

करुणाचा राग मात्र एकाच थांब्यापुरता होता. या हॉल्टवर गोजरबाई चढायची, शहागंजच्या बाजारात गावरान अंडी विकणारी धनगराची म्हातारी. गाडी इथे थांबायची ती नावाला. म्हणून करुणा बिनगजाची खिडकी धरून बसायची, रुमाल टाकून जागा राखायची आणि चाकं थांबायच्या आत दोन्ही हात बाहेर काढायची. गाठोडं आधी, मग बाई, असा नियमच पडला होता. "म्या पडले तर उठंन, अंडी उठायची नाय," गोजरबाई म्हणायची. पहिली दोन वर्षं तिने करुणाच्या बाटलीला तोंड लावलं नव्हतं. बौद्धवाड्यातली पोर, म्हणून. मग एका उन्हाळ्यात न विचारताच बाटली उचलली, आणि त्यानंतर करुणाच्या डब्यातलं निम्मं कालवण तिचंच झालं. गाड्या बंद व्हायच्या आदल्या दिवशी उरलेल्या भाजीसकट डबाच घरी घेऊन गेली. उद्या देते म्हणाली.

तो उद्या उजाडलाच नाही. गाडीतली ओळख गाडीपुरती. फोन नंबर नाही, हॉल्टपलीकडच्या वस्त्यांपैकी म्हातारीची कुठली, हेही कधी विचारलेलं नाही. दुसऱ्या लाटेत माणसं पटापट जायला लागली तेव्हा करुणाला सारखी तिचीच आठवण यायची. म्हातारी आहे की गेली, हे विचारायचं तरी कुणाला? म्हणून स्पेशलच्या पहिल्याच सकाळी, न थांबता धडधडत निघालेल्या गाडीतून तिला फलाटावर काळं घोंगडं दिसलं, डोईवरून पांघरलेलं, आणि काखेत तांबड्या फडक्यातलं गाठोडं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिने हात केला. घोंगड्यातूनही एक हात वर आला. तेव्हापासून हे रोजचं झालं. तिकिटावर नंबर कुठलाही येवो, करुणा कुणाकुणाची मनधरणी करून बिनगजाच्या खिडकीशी येऊन बसायची. म्हातारी आहे, एवढं बघितलं की तिचा दिवस बरा जायचा.

आज मात्र गाडीचा वेग उतरला. पुढे सिग्नल लाल होता. चाकं करकरली आणि गाडी चक्क हॉल्टवर उभी राहिली. करुणाने दोन्ही हात बाहेर काढले.

घोंगडं धावत आलं. आधी गाठोडं तिच्या हातात पडलं. मग डोईवरचं घोंगडं मागे सरलं आणि चेहरा वर झाला. तो गोजरबाईचा नव्हता. कुणी तिशीतली बाई होती, धापा टाकत होती.

"करुणाताई तुम्हीच नव्हं? मी आक्काबाई, त्यांची सून."

"मावशी कुठंयत?"

"आत्या गेल्या, चैतात. ह्यो डबा बिनगजाच्या खिडकीत द्यायचा, पन रिकामा द्यायचा नाय, म्हणल्या व्हत्या. रोज भरून आणते, ताई. गाडी थांबतच नाय."

करुणाच्या तोंडून भलतंच निघालं. "मग रोज हात कोण करायचं?"

"तुम्ही करायच्या, म्हून म्या बी करायची."

इंजिनाची शिटी झाली. गाडी हलली. आक्काबाई खिडकीबरोबर चार पावलं चालली, मग थांबली, घोंगडं परत डोईवर ओढलं आणि सवयीने हात वर केला. लांबून ती पुन्हा हुबेहूब गोजरबाई दिसायला लागली. करुणाचा हात काही उठला नाही.

धक्क्याने समोरच्या प्रवाशाला जाग आली. करुणाच्या मांडीवरचं गाठोडं बघून रुमाल कुणासाठी तरी होता हे त्याला कळलं आणि तो जरा ओशाळला. त्याने आपली बॅग उचलून पायाशी घेतली, जागा मोकळी केली आणि दाराकडे मान वळवली.

"बाई कुठं राहिल्या?"

करुणाने गाठ सोडली. रुमाल पुन्हा त्या जागेवर पसरला आणि त्यावर आपला डबा ठेवला. डबा अजून गरम होता.