डावी बाजू

शिपायानं हात वर केला आणि चंपतनं ब्रेक दाबला.

सकाळच्या पाळीची वेळ होती. कामगारांच्या कॅम्पातून कारखान्याच्या गेटाकडे निघालेला सायकलींचा लोंढा चौकात आला होता, आणि त्या लोंढ्यात थांबला तो एकटा चंपत. बाकीचे शिपायाच्या उचललेल्या हाताखालून बिनदिक्कत निघून गेले. चंपतचा साळा धोंडबाही गेला. जाता जाता मागे वळून ओरडला, "चला ना भाऊजी! हाजरी चुकन!"

चंपत एक पाय जमिनीला टेकवून रस्त्याच्या डाव्या कडेला उभा राहिला. हे रोजचंच होतं. धोंडबा घरी बहिणीजवळ हसायचा, "तुहा नवरा बैल आडवा आला तरी हात दाखवते, रुक्मे." चंपत चिडत नसे. एवढंच म्हणे, "कायदा बाबासाहेबानं लिवला. आपणच नाही पाळला तं कोण पाळन?"

तेवढ्यात मागून ठेकेदाराचा खडी-गिट्टीचा ट्रक आला. त्याला डावीकडे वळायचं होतं. शिपायाचा हात त्यालाही होता, पण ड्रायव्हरनं वेगही कमी केला नाही आणि वळणही नीट घेतलं नाही. कडेकडेनं तसाच कापत निघाला. चंपत ओरडला तोवर ट्रकचं मागचं चाक सायकलीवर चढलं होतं. तो बाजूला फेकला गेला. उठून उभा राहिला तेव्हा घोट्यापासून खाली पाऊल रक्तानं भरलं होतं. सायकलीचं मागचं चाक दुमडलं होतं.

ट्रक थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "देख के नहीं चलता?"

"मैं चल कहाँ रहा था? खड़ा था!"

शिपाई सावकाश आला. त्यानं आधी सायकल पाहिली, मग ट्रक, आणि पायाकडे पाहिलंच नाही.

"बीच सड़क में क्यों खड़ा था?"

"बीच में नहीं, साहब. किनारे पे. आपने हाथ दिखाया, इसलिए रुका."

"सब निकल गए ना? फिर तू क्यों रुका?"

चंपतला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं. पण शिपाई उत्तराची वाट पाहत होता.

"तो हाथ किसके लिए दिखाया था?"

"ज़बान मत चला. चालान तेरा कटेगा. नाम बोल."

"चंपत रामटेके."

शिपायाच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. "अच्छा. तो अब तुम लोग हमको कानून सिखाओगे."

"हाँ," चंपत म्हणाला. "इसका लाइसन देखिए."

शिपायानं लायसन पाहिलं नाही. त्यानं ड्रायव्हरला हातानं इशारा केला, आणि ट्रक धूळ उडवत निघून गेला. चंपतनं त्याचा नंबर मोठ्यानं वाचला, दोनदा.

लोंढ्याच्या उलट्या दिशेनं सायकल ढकलत धोंडबा परत आला होता. चंपतचं पाऊल पाहून त्याचा चेहरा उतरला. डोक्याचा दुपट्टा सोडून त्यानं पायाला करकचून बांधला.

"चला भाऊजी, दवाखान्यात."

"दवाखाना मंग. पहिले ठाणं."

"ठाण्यात आपलं कोण ऐकून राहिलं? मी रोज सांगतो तुमाले, सारे निघाले का आपणबी निघा. थांबले नसते तं लागलं नसतं."

चंपत गर्रकन वळला.

"म्हणजे चूक माहीच? तुमी सारे हाताखालून निघून गेले, तुमाले कोणी हटकलं नाही. ट्रकवाला निघाला, त्याले तं वाट करून देल्ली. अन् मी थांबलो तं चालान माह्यावर! अन् नसतो थांबलो, तं म्हणाले असते, हे अडाणी लोक, याइले कायदा काय समजते. मंग मी करू काय, सांग?"

धोंडबानं खाली वाकून मोडकी सायकल उचलली आणि खांद्यावर घेतली. आपली सायकल त्यानं चहाच्या टपरीला टेकवून ठेवली.

"तुही हाजरी?" चंपतनं विचारलं.

"जाऊ द्या."

"जाओ जाओ, थाने जाओ," मागून शिपाई म्हणाला. "देखते हैं."

दोघं ठाण्याच्या रस्त्याला लागले. ऊन चढायला लागलं होतं. चंपत एक पाय ओढत, पण घाई न करता चालत होता. दुपट्ट्यातून रक्त बाहेर येऊ लागलं होतं. धोंडबा दोन वेळा म्हणाला, "घडीभर बसता का?" चंपतनं नकाराची मान हलवली.

मागून मोठा हॉर्न वाजला. आणखी एक ट्रक, सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला. समोरून काही येत नव्हतं. ट्रकला जायला उजवीकडे अख्खा रस्ता मोकळा होता. तरी हॉर्न वाजतच राहिला. सवयीनं धोंडबा डांबरावरून खाली धुळीत उतरला.

चंपतनं त्याची बाही धरली आणि त्याला परत वर ओढलं.

"खाली कायले उतरला बे? चाल, वरून चाल."

हॉर्न अगदी पाठीशी आला. धोंडबानं खांद्यावरची सायकल घट्ट धरली. तो खाली उतरला नाही. मग मागे गिअर बदलल्याचा आवाज झाला, आणि ट्रक हळू झाला.