मुठीतला कंप

मिरजेच्या मंडईबाहेर भाजीच्या पिशव्या हँडलला अडकवून मुरलीधरने मोटारसायकलचं बटण दाबलं, पण गाडी सुरू झाली नाही. हँडलमधून आवाज आला, "चालकाच्या हातांत कंप आहे. कृपया डॉक्टरांना भेटा."

"सेन्सर बिघडलाय," तो बायकोला घाईने म्हणाला.

शैलजाने पुढे होऊन मूठ धरली. गाडी लगेच सुरू झाली.

"अहो, कधीपासून आहे हे?"

"दिवाळीपासून," तो खाली बघत म्हणाला. "जाड हातमोजे घातले की गाडीला कळत नाही. आज मंडईत कुठेतरी पडले."

"आणि मनूला रोज शाळेत सोडता ते?"

त्याने हँडलवरच्या पिशव्या उगाच नीट केल्या. डॉक्टरांकडे कंपाची नोंद झाली की परवाना कायमचा जात असे, आणि घरोघर औषधं पोचवायची त्याची नोकरी गाडीवरच होती. शैलजाला ते ठाऊक होतं. पण बापाच्या कमरेला मिठी मारून बसणारी मनू तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"उद्यापासून मी सोडेन तिला. बसा मागे."

मुरलीधर मागे बसला. त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले होते. गतिरोधकावर गाडी उसळली, तेव्हा मात्र त्याला तिचा खांदा धरावाच लागला. त्याच्या बोटांची थरथर शैलजाला थेट हाडापर्यंत जाणवली. इतके महिने ती त्याच्या शेजारी झोपत होती, आणि गाडीला कळलं ते तिला कळलं नव्हतं.

त्याने हात काढून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि तिने वेग कमी केला.