तेओफिलोचं हृदय

आवाज काखेकडे जातच नव्हता. नोएलियाने स्टेथोस्कोप पुन्हा म्हाताऱ्याच्या छातीवर टेकवला.

लेओनच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेओफिलोचं हृदय सगळ्यांना एकमेकांकडून ऐकून ऐकून तोंडपाठ होतं. दर वर्षी परीक्षेला त्यालाच खाटेवर बसवत. डावीकडची झडप गळकी, रक्त उलटं फिरतं, आवाज काखेपर्यंत जातो. हे उत्तर वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाला आंदण मिळायचं. आधीचे सगळे तेच सांगून हसत बाहेर पडले होते. नोएलिया एकदा लेखी परीक्षेतच नापास झालेली, खाटेपर्यंत पोचलीच नव्हती. या खेपेला चुकली, तर गाशा गुंडाळून घरी.

म्हाताऱ्याचं लक्ष परीक्षक डॉक्टर आर्गुएयोंकडे होतं. "केळीच्या पानातला नाकातामाल आणलाय तुझ्यासाठी. गरम आहे तोवर खाऊन घे."

"आधी परीक्षा होऊ द्या," डॉक्टर म्हणाले. एवढ्या वर्षांची ओळख असणार, नोएलियाला वाटलं.

पाठ केलेलं उत्तर ओठांवर होतं, पण कान ते कबूल करेनात. खरखरीत आवाज छातीच्या उजवीकडे, वर होता आणि तिथून मानेत चढत होता. अरुंद वाटेतून रक्त जोर लावून निघावं तसा. तिने मनगट धरलं. नाडी कशीबशी, सावकाश वर येत होती. आता तिला परीक्षेपेक्षा त्या आवाजाचंच कुतूहल वाटू लागलं.

"आजोबा, जिना चढताना काय होतं?"

"अंधारी येते जराशी," म्हातारा हळूच म्हणाला. "वय झालं, पोरी. कुणाला सांगत नाही मी."

ती डॉक्टरांकडे वळली. "गळती नाहीये. महाधमनीच्या तोंडाची झडप आवळलीये, पुष्कळच. यांना आजच दाखल करायला हवं."

आर्गुएयो हसले. "बाकीच्यांनी पाठ केलेलं ओकलं. तू निदान नवीन काही शोधलंस. पण नापासच. तेओफिलो गेल्या पावसाळ्यात वारला. यंदा मी मुद्दाम धडधाकट हृदय आणून बसवलंय."

"तुम्ही ऐकून पाहिलंत?"

"त्यात ऐकायचं काय? यांना कधी साधं पडसं झालेलं पाहिलं नाही मी."

तिने स्टेथोस्कोप पुढे केला. त्यांनी तो हसतच कानाला लावला. मग बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"बाबा," ते म्हणाले, "मला का नाही सांगितलंत?"